पंचाक्षरीअण्णांनी आंधळं केलेलं गेट

पंचाक्षरीअण्णांची आणि माझी ओळख एका बंद गेटासमोर झाली. अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्याला मालकानं रातोरात कुलूप घातलं आणि आम्ही युनियनवाले कामगारांना घेऊन तिथं एक्केचाळीस दिवस बसलो. मी रोज भाषण करायचो. अण्णा शेवटच्या रांगेत गप बसायचे. तेवीस वर्षं त्याच कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की हाक मारायची ती यांना. तिसऱ्या दिवशी ऐन भाषणात बघतो तर हा माणूस उठून मालकाच्या गेटच्या बिजागरीला तेल घालतोय. माझं डोकंच सरकलं. सगळ्यांदेखत बोललो त्यांना. तेल घालून झाल्यावर त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि म्हणाले, "मालकाचं चुकलं. गेटचं काय चुकलं? लई किरकिरत होतं."

कारखाना काही उघडला नाही. पन्नाशीच्या माणसाला कोण काम देतं? पण त्याच काळात जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, सगळीकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीला बटण दाबलं की रुळावरून सरकणारं लोखंडी गेट हवं होतं. गेट बसवणारे यायचे पुण्याहून. बिघडलं की तेही पुण्याहूनच, चार दिवसांनी. अण्णांनी भंगारातून एक जळकी मोटर आणली, घरात उघडून बसले आणि दोन महिन्यांत शहाणे झाले. इंग्रजी वाचता येत नाही. बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजतात आणि रोग सांगतात. पुण्याचे लोक आता त्यांनाच फोन करून विचारतात. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण अशा माणसाला आपल्याकडे 'वायरमन' म्हणून जिन्याखाली उभं करतात.

त्यांची एक पद्धत आहे. गेटपाशी गेले की पाच मिनिटं कशालाही हात लावत नाहीत. नुसते बघतात, मग ऐकतात. पेचकस सगळ्यात शेवटी. सोसायटीवाले वैतागतात, पैसे काय बघायचे देतो का म्हणतात. पण बघण्यातच निम्मे रोग सापडतात. रुळात अडकलेला खडा. मोटरीच्या पेटीत उबेला शिरून तारांवर मेलेली पाल. एका बंगल्याचं गेट मे महिन्यात रोज दुपारी दोनला बंद पडायचं आणि पाचला आपोआप चालू व्हायचं. घरातल्या म्हातारीनं तर लिंबू-मिरची बांधली होती. अण्णा दोन दुपारी तिथं उन्हात बसले आणि पेटीवर पत्र्याची सावली करून दिली. भूत गेलं.

आणि दसऱ्याचा रोग तर ठरलेला. या गेटांच्या दोन खांबांवर समोरासमोर दोन डोळे असतात, बोटाएवढ्या काळ्या काचा. एका डोळ्यातून न दिसणारा प्रकाश निघतो, दुसऱ्यात पोचतो. मधे माणूस, गाडी, कुत्रं काहीही आलं की प्रकाश तुटतो आणि गेट बंद व्हायचं थांबतं. आपली माणसं खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पूजतात. गेट पण यंत्रच. कुणी हळदीकुंकू लावतं, कुणी विभूतीची तीन बोटं ओढतं, आणि नेमकी त्या काचेवर, कारण डोळ्यासारखी दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या सोलापूरची गेटं उघडी ती उघडीच. अण्णा ओला फडका घेऊन फिरतात. पुसायचे पैसे घेत नाहीत. पूजेला का पैसे लावायचे, म्हणतात.

त्यांची दुसरी पद्धत मागावरची आहे. कारखान्यात बसवेश म्हणून एक जण होता. ताणा गुंडाळायच्या ढोलाची जाळी दुरुस्तीसाठी कुणीतरी काढली आणि परत बसवायला विसरला. बसवेशची बाही त्यात गेली, मग हात. अण्णांनी तो ढोल हातानं उलटा फिरवून त्याला सोडवलं होतं. त्या दिवसापासून, काहीही तात्पुरतं काढलं किंवा जोडलं की शर्टाच्या वरच्या बटणाला सुताचा एक वेढा द्यायचा. काम पूर्ववत केलं की वेढा सोडायचा. संध्याकाळी घरी जाताना बटण मोकळं पाहिजे. गेटांच्या कामातही तेच. पंधरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

आता मूळ गोष्ट. जुळे सोलापुरातली एक सोसायटी आहे, नाव लिहीत नाही. तिथला वॉचमन कोंडीबा, उजनीच्या पाण्याकाठच्या गावाकडचा. तो आणि त्याची बायको चिमाबाई गेटशेजारच्या खोलीत राहतात. चिमाबाईला साठी उलटलेली, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. सकाळी दूधवाला आपल्याजवळच्या रिमोटनं गेट उघडायचा. त्याचा टेम्पो आत येऊन गेला की उघड्या गेटाच्या रेघेवर, खांबाला खांदा टेकवून, ती रांगोळी काढायला बसायची. गेटाचा रूळ हाच तिचा उंबरा. गेट बसवलं त्या दिवशी तिनं अण्णांना विचारलं होतं, मी बसले आणि हे आलं तर? अण्णांनी तिला डोळे दाखवले. म्हणाले होते, बिनघोर बस, तू उठल्याबिगर हे हलायचं न्हाय. आणि खरंच हलायचं नाही. अर्धा तास बसली तर अर्धा तास थांबायचं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझी सून थांबत न्हाय पण हे थांबतंय. त्या खंडेनवमीला तिनं गेटाची पूजा मनापासून केली ती यासाठी. डोळ्याला हळदीकुंकू, मोटरीला नारळ, आणि दोन्ही खांबांवरून झेंडू-आंब्याचं भलं लांब तोरण.

दसऱ्याला सकाळी गेट बंद होईना. मागच्याच महिन्यात तिथं चोरी झालेली, दुपारी सगळी बिऱ्हाडं सणाला बाहेर पडणार. सेक्रेटरीनं अण्णांना पाच फोन केले. अण्णा गेले, कुंकवाचा डोळा पुसला. तरी गेट बंद होईना. आठ-दहा जण भोवती, प्रत्येकाचं वेगळं मत. अण्णांनी आधी सांगितलं की मोटर सोडवून देतो, आज हातानं ढकला. सेक्रेटरी म्हणाला, एवढा खर्च करून गेट बसवलं ते काय वॉचमननं ढकलायला? आणि कोंडीबाच्या अंगात तेवढा जोर होता कुठं? शिवाय अजून दोन ठिकाणचे फोन वाजत होते.

मग अण्णांनी ते केलं जे ते दुसऱ्यांना करू देत नाहीत. बोर्डावर डोळ्याच्या जागी वायरचा बोटभर तुकडा जोडला. याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. बोर्डाला वाटतं डोळ्याला सगळं स्वच्छ दिसतंय, कायम. गेट चालू झालं. लोक खूश. अण्णांनी बटणाला सूत बांधलं, संध्याकाळी येऊन बघतो म्हणाले, आणि सेक्रेटरीला बजावलं की तोवर गेटाच्या वाटेत कुणाला उभं राहू देऊ नका, चिमाबाईला तर आधी सांगा. ती तेव्हा देवळात गेली होती. सेक्रेटरीनं मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

आणखी एक गोष्ट होती, ती अण्णांनाच माहीत होती. पावसाळ्यात रुळात चिखल साचायचा, गेट अडखळायचं, म्हणून त्यांनीच मोटरीचा जोर शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता. एरवी असं गेट कुणाला टेकलं की थांबतं. हे थांबलं नसतं.

दुपारी ते घरी आले. रत्नम्मा, त्यांची बायको, दारातच नवा सदरा घेऊन उभी. सणाची आंघोळ, नवे कपडे, पुरणपोळी, मग सीमोल्लंघन, आपट्याची पानं द्यायला माणसांची रीघ. बटणाचं सूत कामाच्या शर्टावर. शर्ट बादलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला माझं दार वाजलं. आमची घरं एकाच बोळात आहेत. अण्णा समोर उभे, अंगात बनियन, हातात ओला, साबण लागलेला शर्ट. तो शर्ट नुसता माझ्यापुढं धरला. मला वाटलं रत्नम्माला काही झालं. तर तीच मागून आली आणि तिनं सांगितलं. शर्ट चोळताना बटणाचं सूत हाताला लागलं, म्हणून तिनं विचारलं, 'इदेनु री?', हे काय आहे म्हणून. आणि हे असे पळत सुटले.

अण्णांना गाडीची किल्ली भोकात घालता येत नव्हती. मी माझी मोटारसायकल काढली. ते मागं बसले. जाताना फोन लावत होते. कोंडीबाचा फोन वाजायचा आणि बंद व्हायचा. सहाला तो पाण्याच्या टाकीसाठी गच्चीवर जातो, फोन खोलीत. खोलीत चिमाबाई, तिला ऐकू येत नाही. सेक्रेटरीचा फोन बंद.

"दूधवाला किती वाजता येतो?" मी विचारलं.

"सव्वासहा." मग थोड्या वेळानं, "कवा कवा सहालाच."

अशोक चौक गेला. रस्त्यावर कालचे चुरगळलेले झेंडू आणि आपट्याची पानं, झाडूवाल्या बायका ढीग लावत होत्या. मी आयुष्यात लाठी खाल्ली आहे, लॉकअपमध्ये रात्री काढल्या आहेत, पण तेव्हा जी भीती वाटली ती वेगळी होती. समोर कुणी नव्हतंच भांडायला. सात किलोमीटरवर एक लोखंडी गेट आणि एक बहिरी म्हातारी, आणि मधे आमची ही खटारा गाडी. सात रस्त्याला सिग्नल लाल होता. मी थांबलो नाही. पाठीवर अण्णांचं कपाळ टेकलेलं होतं आणि ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं सिद्धरामेश्वराचं नाव घेत असतील. कान दिला तर मोजत होते. गेट उघडायला अठरा सेकंद. मग वीस सेकंद थांबणार. मग आपोआप बंद व्हायला अठरा. पुन्हा पहिल्यापासून. चिमाबाई रेघेवर कधी बसेल, पाटी ठेवेल, पहिला ठिपका टाकेल, याचा हिशेब चालला होता.

आसरा पूल उतरल्यावर ते एकदाच नीट बोलले. "बंद होताना आवाज यायला पायजे होता रे. मीच गेल्या आठवड्यात वंगण घातलं. मांजरागत चालतंय आता."

सोसायटीच्या गल्लीत वळलो आणि दूधवाल्याचा टेम्पो समोरून आला. बाहेर पडून आलेला. टेम्पो बाजूला झाला आणि गेट दिसलं. उघडं. खांबाला खांदा टेकवून चिमाबाई उकिडवी बसलेली, गेटाकडे पाठ, हात ठिपके टाकतोय. चेहऱ्यावर पहाटेचा फिकट उजेड. तिच्यामागं ते काळं लोखंड हललं. खरंच, काही आवाज नाही. गाडीचा आवाज तेवढा माझ्या कानात.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. तिनं मान वर केली नाही. हॉर्न दाबून धरला, तर वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली, चिमाबाई नाही. अण्णांनी चालत्या गाडीवरून उडी टाकली. पडले, गुडघ्यावर उठले, पळाले. त्यांनी मोटरीची पेटी गाठायचा विचार केला नाही. पेटीला कुलूप होतं आणि ते आतल्या बाजूला. त्यांनी थेट चिमाबाईच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला पोतं ओढावं तसं बाहेर ओढलं. दोघं रस्त्यावर उताणी. गेटची कड तिच्या लुगड्याच्या सोग्याला चाटून गेली, रांगोळीची पितळी वाटी खांबाशी होती तिला लागली, आणि मग पहिल्यांदा आवाज आला. वाटी चपटी होतानाचा. गेट तरी थांबलं नाही. चपटी वाटी खांबात दाबत मोटर गुरगुरत राहिली.

चिमाबाईनं आधी अण्णांना एक ठेवून दिली.

"म्हाताऱ्या, लाज हाय का? काय धरतोस?"

अण्णांनी बोटानं वाटी दाखवली. चिमाबाई वाटीकडे बघत राहिली. मग खांबाकडे, मग आपल्या बसायच्या जागेकडे. तिचा हात आपोआप स्वतःच्या बरगडीवर गेला आणि तिथंच राहिला.

कोंडीबा गच्चीवरून धावत आला, पेटी उघडली, मेन बंद केलं. अण्णा उठले. गुडघा फुटून रक्त येत होतं, तिकडे लक्ष नव्हतं. दुसऱ्या खांबापाशी गेले, उभे राहिले आणि बघितलं. कालची राहून गेलेली पाच मिनिटं. मग दोन बोटांनी तोरणाचं टोक बाजूला केलं. झेंडूची तीन फुलं आणि एक आंब्याचं पान. त्याच्यामागं दुसरा डोळा, स्वच्छ, धडधाकट. एवढाच बिघाड होता. काल कुंकवाचा डोळा पुसला आणि समोरच्याकडे गर्दीमुळे गेलेच नाहीत. अण्णा खांबाला धरून खाली बसले आणि वांती झाली त्यांना.

तेवढ्यात सेक्रेटरी उतरला, बर्म्युडावर. आधी म्हणाला, बरं झालं, कुणाला काही झालं नाही. मग म्हणाला, पण बाई मधे बसतेच कशाला, नियमात नाही ते. मी त्याची गचांडी धरली. खोटं कशाला बोलू, धरली. काल तुला सांगितलं होतं का नव्हतं, मान कशाला हलवलीस, पोलिसात चल म्हणालो. खिडक्या उघडायला लागल्या. मला तेच पाहिजे होतं. माणसं जमली की माझा आवाज चढतो.

अण्णांनी मागून माझा हात धरला. "सोड त्याला. वायर त्यानं लावलीय का? माझ्या हातची हाय ती."

"अण्णा, तुम्ही गप बसा. यानं—"

"त्यानं सांगितलं न्हाय, ते त्याचं पाप. मी म्हातारीला शब्द दिला होता, उठल्याबिगर हलायचं न्हाय म्हणून. तो सेक्रेटरीनं दिला होता का?"

हे त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं. मग जमलेल्या लोकांना, खिडक्यांतल्या बायकांना, सगळ्यांना सांगितलं की काल काय केलं, का केलं, आणि कुठं विसरले. एक शब्द लपवला नाही. उद्यापासून या सोसायटीनं दुसरा मेकॅनिक बोलवावा असंही म्हणाले. मला राग आला. इतका की मी तोंड फिरवून उभा राहिलो. आपली बाजू अशी उघडी टाकायची नसते, ही माझी इतक्या वर्षांची शिकवण. पण त्या माणसापुढे ती मला बोलता आली नाही.

मग त्यांनी काम केलं. वायरचा तुकडा काढून खिशात नाही, कोंडीबाच्या हातात ठेवला. डोळे पुन्हा जोडले. मोटरीचा जोर कमी केला. रूळ बोटांनी साफ केला. एरवी ते तपासणीला पुठ्ठ्याचं खोकं ठेवतात गेटाच्या वाटेत. कोंडीबानं खोकं आणलं तर म्हणाले, नको. आणि चिमाबाई बसायची तिथं, अर्धवट ठिपक्यांवर, खांबाला खांदा टेकवून, गेटाकडे पाठ करून बसले.

रिमोट माझ्याकडे दिला.

"दाब."

मी खोकं पायानं पुढं सारलं. म्हणालो, खोक्यानं बघू आधी.

"खोक्याला बरगडी नसती. दाब."

दाबलं. गेट निघालं, बोटभर सरकलं आणि थांबलं. मी श्वास सोडला. अण्णा उठले नाहीत. आता कोंडीबाला डोळ्यावर फडका टाकायला लावला, उलट्या बाजूनं तपासलं, मग एका डोळ्याची तार काढायला लावली. तेव्हाही थांबलं, कारण तार तुटली तरी थांबलंच पाहिजे. मग फक्त टेकल्यावर थांबतं का ते बघायचं होतं. त्यासाठी डोळा परत मिनिटभर आंधळा करावा लागणार होता. अण्णांनी उठून तोच तुकडा जोडला आणि परत जागेवर येऊन बसले. कोंडीबा पेटीपाशी मेनवर हात ठेवून उभा राहिला. गेट आलं. अण्णांच्या पाठीला लागलं. त्यांचे खांदे वर गेले, डोळे मिटले, आणि लोखंड वीतभर मागं सरकलं.

"परत."

असं चार वेळा. चौथ्या वेळेस माझ्याच्यानं राहवलं नाही. रिमोट खाली ठेवला.

ते उठले, आधी तुकडा काढून परत कोंडीबाच्या हातात दिला आणि डोळा जोडला. पायजम्याला रांगोळी लागली होती. चिमाबाई खोलीच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. तिला किती ऐकू आलं होतं कुणास ठाऊक. अण्णा तिच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "आता थांबतंय. चार वेळा बघितलं मी. बसशील?"

चिमाबाईनं गेटाकडे बघितलं. बरगडीवरचा हात अजून काढला नव्हता.

"न्हाय," ती म्हणाली. "थांबत असंल ते. मी न्हाय बसायची."

अण्णांनी मान हलवली. "बरोबर हाय तुझं."

त्या सोसायटीनं मेकॅनिक बदलला नाही. अण्णा अजून तिथं जातात, दर पंधरवड्याला, कुणी बोलवलं नसलं तरी. डोळे पुसतात, रूळ बघतात. चिमाबाई त्यांना चहा देते, बोलते, चेष्टा करते. रांगोळी आता खोलीच्या दारात असते, हातभर जागेत. गेटाच्या तोंडाशी काळा रूळ तेवढा दिसतो. तिथं पोचलं की अण्णा तो ओलांडून जातात. त्यावर पाय ठेवत नाहीत.